आतून लावायची कडी

शहापूर
२३ एप्रिल २०२३

प्रिय प्रेमाताई,

पत्र बघून घाबरू नकोस, घरात सगळे धडधाकट आहेत. फोनवरच बोलणार होते, पण गेल्या आठवड्यातला माझा फोन आठवतो ना? "ताई, तुला एक सांगायचंय" एवढं म्हणेपर्यंत मध्ये मुख्याध्यापकांचा फोन, मग केंद्रप्रमुखांचा, मग दुसरीतल्या एका मुलाच्या बापाचा, की पोरगा आंघोळ करत नाही, बाईंनी दरडावलं तर करेल. सांगायचं ते राहूनच गेलं. म्हणून आता कागदावर. तुमच्या गावचा देवराम भेंडी घेऊन रोज सकाळी शहापूरच्या बाजारात येतो, त्याच्या हाती पाठवते.

त्या दिवशी जेवताना पुन्हा फोन वाजला आणि मी तो उचलून पिठाच्या डब्यात टाकला. झाकण लावलं. तरी आत वाजतच होता, म्हणून डब्यावर बसले. हसू नकोस. मी, माधुरी, एकवीस वर्षं नोकरी झालेली शिक्षिका, पिठाच्या डब्यावर बसून रडत होते आणि खालून गाणं वाजत होतं. सतीश आणि रश्मी, बाप-लेक दोघंही हातात घास धरून बघत राहिले. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी बीपी मोजलं, मग पुन्हा मोजलं आणि म्हणाले, "बाई, दहा दिवस कुठंतरी एकट्या जाऊन राहा. फोन नाही, माणूस नाही. नाहीतर गोळी सुरू करतो, ती मग जन्माची."

गंमत बघ, मार्चमध्येच आम्हाला दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं होतं, 'स्वतःसाठी वेळ'. मोबाइल बाजूला ठेवा, डोळे मिटा, दीर्घ श्वास घ्या. संध्याकाळी सूचना आली की डोळे मिटलेले फोटो आजच लिंकवर टाकावेत. माझा दोनदा परत आला. डोळे नीट मिटलेले नव्हते म्हणे.

तर मागायला जीभ रेटत नाही, पण मागते. २ मेपासून शाळेला सुट्टी आहे. तुझं घर मला दहा दिवस देशील? गावाच्या टोकाला, मागे ओढा, पुढे चिंच. भाओजी गेल्यावर तुझ्या वाट्याला एकटेपण आलं त्याचं मला वाईटच वाटतं, पण खरं सांगते, कधी कधी हेवाही वाटतो. रागावू नकोस. आणि तू असलीस तर मी तुझ्याशीच बोलत बसेन, म्हणून तेवढे दिवस तू आमच्याकडे येऊन राहशील का? या दोघांच्या जेवणाचं तेवढं बघायचं. तू अंगण सोडून कुठे जात नाहीस हे मला माहीत आहे. नाही म्हणालीस तरी चालेल.

तुझी,
माधुरी


जांभूळपाडा, धसईजवळ
२४ एप्रिल

माधुरीस ताईचा आशीर्वाद, आणि आधी सांग, जेवतेस ना नीट?

तुझं पत्र काल दुपारी मिळालं. आज सकाळीच उत्तर देते आहे, कारण देवराम गाडी सुरू करून उभा आहे.

येते. तुझ्यासाठी काय वाटेल ते. मला शहापूरला करमायचं नाही, बंद दाराची सवय नाही, पण बहिणीच्या जिवापुढं माझं काय? दहा दिवस कमी वाटतात. बारा राहा. डॉक्टर दहा म्हणाला म्हणजे त्याला बारा म्हणायचं असेल.

कोंबड्या देवकीकडं दिल्या. (आजच दिल्या, तू यायच्या आधी त्यांना सवय होऊ दे.) किल्ली चिंचेच्या ढोलीत. पाणी सकाळी सातला येतं. तांदूळ कणगीत आहेत, लोणचं फळीवर. लेकाचा, पंकजचा, पुण्याहून रविवारी फोन येतो, तो मी तिकडे घेईन.

शेजारी धोंडीबाई म्हणून आहे. कधी आलीच तर ये म्हण.

बाकी गाव शांत आहे.

प्रेमाताई


जांभूळपाडा
४ मे

प्रिय ताई,

काल पोचले. देवरामच्या गाडीत रिकाम्या क्रेटांच्या मधे बसून आले. फोन शहापूरला कपाटात ठेवलाय. घर किती छान ठेवलंयस! सारवलेली जमीन, थंडगार माजघर. इथे येऊन मी फार म्हणजे फार सुखात आहे.

येताना मी वेळापत्रक करून आणलंय. सहा ते सात चालणे, सात ते नऊ मौन, नऊ ते अकरा वाचन, असं. कालचा दिवस मात्र लोकांशी ओळख होण्यात गेला. गाडीतून उतरले तेव्हाच सोनूबाई भेटली. "काय गो, नवरा नाय आला?" म्हटलं, नाही, एकटीच आले. "एकटीच?" असं म्हणून ती ओट्यावर बसली. बराच वेळ माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "मंग भांडण कशावरून झालं?" मी सांगितलं, भांडण नाही, विश्रांतीला आलेय. तिने मान हलवली, घरी गेली, सुकटाची चटणी आणि दोन भाकऱ्या घेऊन आली. "जेव. रडू नको. पुरुसाची जात तशीच." चटणी फार चांगली होती.

दिवेलागणीला धोंडीबाई आली. काखेत घोंगडी. मी म्हटलं, या बसा. ती बसली नाही, माजघरात गेली, घोंगडी अंथरली आणि मग बसली. म्हणाली, सोबतीला आले. मी म्हटलं, "मावशी, मला सोबत नको हो. मी एकटी राहायलाच आलेय." तिला वाटलं मी संकोच करतेय. "नको कशी? आमी काय मेलो सगले? बाईमानसाला घरात एकटी निजाया देऊ व्हय?"

मनाने किती मोठी माणसं आहेत! एका दिवसाची पाहुणी म्हणून करत असतील. आजपासून वेळापत्रक सुरू.

तुझे तिकडे हाल होत असतील याची मात्र बोच आहे.

तुझी,
माधुरी


शहापूर
६ मे

माधुरीस आशीर्वाद.

माझे हाल म्हणशील तर चाललेच आहेत, पण तू मनाला लावून घेऊ नकोस.

सकाळी साडेसहाला सतीश आणि रश्मी जातात, दार आपोआप बंद होतं, आणि संध्याकाळी सातपर्यंत माणूस म्हणून दिसत नाही. समोरच्या दारातली बाई दोनदा दिसली. दोनदा हसली आणि दार लावून घेतलं. कोण, कुठली, किती दिवस, कशासाठी, काही नाही विचारलं. असली माणसं. मी तरी किती वेळ दार उघडं धरून उभी राहू? मीही लावलं.

पहिल्या दिवशी दुपारी जराशी आडवी झाले, डोळे उघडले तेव्हा साडेपाच वाजले होते. मला वाटलं तब्येत बिघडली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. म्हणून आता नीट खात्री करून घ्यायची म्हणून रोज झोपून बघते आहे. चहासुद्धा इथं प्यावा लागतो तो बसून, आणि गरमच. कोणी हाक मारत नाही, तर गार व्हायला वेळच मिळत नाही. काय सांगू तुला.

तुझा फोन कपाटात ठेवलास तो चालूच ठेवून. कपाटातून आवाज यायला लागला, मी काठी घेऊन उघडलं. मग म्हटलं, कोणीतरी बोलायला हवं. एकाने विचारलं, मॅडम कधी भेटतील? मी म्हटलं, कोण मेलं का? तो म्हणाला, नाही नाही. म्हटलं, मग जूनमध्ये कर. तुझे मुख्याध्यापक दोनदा बोलले. दुसऱ्यांदा म्हणाले, फार अर्जंट आहे, शाळेत पाण्याचे नळ किती याची माहिती आजच हवी. मी विचारलं, तुम्ही कुठं आहात? म्हणाले, शाळेत. म्हटलं, मग मोजा की. त्यांनी मोजले. चार आहेत, तुला कळवायला सांगितलं आहे.

कालपासून फोन फारसा वाजत नाही.

धोंडीबाई येते ना? बरं आहे.

ताई


जांभूळपाडा
८ मे

प्रेमाताई,

आता मला खरं सांग. तुला माहीत होतं ना?

चार तारखेचं पत्र फाडून टाक. मी तुला बरं वाटावं म्हणून लिहिलं होतं. मी सुखात वगैरे अजिबात नाही. म्हशाच्या जत्रेतसुद्धा माणसाला इतकी माणसं भेटत नाहीत. पहाटे चालायला निघाले तर देवकी मागे धावली, "बाय, ओढ्याकडं कुठं चाललीस? जीव देऊ नको गो!" मौनाला बसले, डोळे मिटून, ओट्यावर. बिचारी सोनूबाई ताक घेऊन आली, दोन हाका मारल्या, मी मौन कशी सोडू? तिने तांब्या तिथेच टाकला आणि बोंब मारली, "मास्तरीण बसल्या जागी गेली!" डोळे उघडले तेव्हा अंगणात निम्मा पाडा, आणि एकाच्या हातात कांदा फोडलेला, नाकाला लावायला.

त्या संध्याकाळी तीन वडीलधारी माणसं आली. ओट्यावर बसली, पानं लावली आणि माझं मिटवायला घेतलं. "संसारात भांड्याला भांडं लागतंच, बाई. प्रेमा तिकडं तुज्या मालकाची समजूत घालाया गेलीय, हितं आमी हाव." मी म्हटलं, अहो भांडण नाही, मला फक्त एकटं राहायचंय. ते एकमेकांकडे बघून म्हणाले, प्रकरण दिसतंय त्याहून मोठं आहे.

आणि धोंडीबाई! एका दिवसाची नव्हती ती. रोज येते. दिवेलागणीला ती घोंगडी, ती तंबाखूची मशेरी, आणि अंथरुणाला पाठ टेकली की जे घोरणं सुरू होतं ते कोंबडा आरवेपर्यंत. डॉक्टरांनी बीपी मोजायचं यंत्र बरोबर दिलंय. शहापूरला होतं त्यापेक्षा वर गेलंय, ताई!

म्हणून काल मी स्पष्ट सांगितलं. वर्गात सांगते तसं. "धोंडीबाई, उद्यापासून यायचं नाही. मला सोबत नकोय. मला माझी मी हवी आहे." घोंगडीची घडी घातली, काखेत मारली आणि गेली. मला वाटलं होतं भांडेल. भांडली असती तर बरं झालं असतं.

असो. आजपासून खरा एकांत. उरलेत सात दिवस, तेवढे तरी माझे.

माधुरी


शहापूर
१० मे

माधुरी,

शाब्बास! चार वर्षांत मला जमलं नाही ते तू चार दिवसांत केलंस.

आता तू विचारलंसच तर लिहिते. हो, मला माहीत होतं. तुझं पत्र आलं तेव्हा मी हसले आणि मग मलाच लाज वाटली. तू लिहिलंस, एकटी राहतेस, हेवा वाटतो. अगं, मी विधवा झाले, पण एकटी कधी झाले? हे गेले त्याच्या तेराव्याच्या दिवशी धोंडीबाई घोंगडी घेऊन आली. गावाचा रिवाज आहे, घरात एकटी बाई निजू द्यायची नाही. तेव्हा मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पहिले दोन महिने तिच्या घोरण्याचाच आधार होता. पण मग चार वर्षं? मला रडायचं असलं तरी ती जागी होऊन विचारते, "का गो, काय झाला?" रडूसुद्धा मला पुरतं येत नाही. ह्यांची आठवण काढायची तर तिला सांगून काढावी लागते. आणि नको म्हणायचं कसं? ती पुण्याचं काम करते. पुण्याला नको म्हणणारी मी कोण?

म्हणून तू बोलावलंस आणि मी आले. तुझ्यासाठी आले असं लिहिलं, ते खोटं होतं. माझ्यासाठी आले. इथं पहिल्या आठवड्यात एका दुपारी मी दार लावून पोटभर रडले, मग तोंड धुतलं, कांदाभजी केली आणि एकटीने सगळी खाल्ली. इतकं हलकं मला ह्यांच्यामागं कधी वाटलं नव्हतं.

काल बाजारात जाऊन एक कडी आणली. लोखंडी, मोठी, आतून लावायची. माझ्या माजघराच्या दाराला आतून कडीच नाही, तू बघितलं असशील. सासऱ्यांनी घर बांधलं तेव्हा बसवली नाही. घरातल्या बाईला आतून कडी कशाला लागते, म्हणाले. दुकानदाराने विचारलं, मोरीच्या दाराला का? म्हटलं, नाही, माझ्या.

तर एवढंच कर. तिला परत येऊ देऊ नकोस. मी येईपर्यंत तिची सवय मोडेल, मला तोंडाने सांगावं लागणार नाही. तू पाहुणी, तुझा राग गाव धरणार नाही. माझं एवढं काम कर, माधुरी. बहीण म्हणून मागते.

ताई


जांभूळपाडा
१२ मे

प्रिय ताई,

तुझं पत्र दोनदा वाचलं. तू मला फसवलंस म्हणून रागवायचं ठरवलं होतं, पण भजीपर्यंत आले आणि राग गेला. मी एकवीस वर्षं लोकांना शिकवते आणि तुझ्या घरात पाच वेळा जेवून गेले तरी मला ती घोंगडी कधी दिसली नव्हती. मला माफ कर.

पण तुझं काम माझ्याकडून झालं नाही.

आठ तारखेला धोंडीबाई आली नाही. घर शांत होतं. मी वाचन केलं, जेवले, पडले, आणि झोप नाही. सवय असते म्हणून असेल. नऊ तारखेला दिवेलागणीला दार लावायला गेले तर ती बाहेर ओट्याच्या कोपऱ्यात बसलेली, घोंगडी अंगाभोवती. मी म्हटलं, "धोंडीबाई, मी काय सांगितलं होतं?"

"सांगितलास की. तू आत एकटी ऱ्हा. मी हितं भायेर एकटी ऱ्हाते. तुला काय तरास?"

मला आधी हसू आलं. मग तिच्या तोंडाकडे बघितलं आणि विचारलं, घरी का जात नाही? मी तिच्या शेजारी जाऊन बसले. वेळापत्रकात ते नव्हतं. तेव्हा ती बोलायला लागली. ते तिच्या शब्दांत लिहिते, माझे घातले तर बिघडेल.

"दोन खोल्या हायत गो. दोन पोरं, दोन सुना, नातवंडा, टीवी. माजा हातरून चुलीच्या दारात. येनारा-जानारा वरशी लांघून जातो. दिवसभर धोंडीबाय ह्या कर, धोंडीबाय त्या आन. हितं आले का पाठ टेकली की झोप. प्रेमाचा घर गार हाय. कोन हाक नाय मारत. चार वर्सा मी सोबतीला नाय येत, बाय. निजाया येते."

मी म्हटलं, मग तसं सांगून का येत नाही?

"कोनाला सांगू? सोबतीला चालले म्हनला का सून काय बोलत नाय, पोरगा बत्ती दावतो. पुन्याचा काम ना. नुसती निजाया चालले म्हनला तर गाव काय म्हनंल? म्हातारी घर सोरून फिरते, सुनांनी टाकली."

मग तिने मला विचारलं, "तू परवा नको म्हनलीस. प्रेमानी सांगला का तुला?" मी नाही म्हटलं. तुझं पत्र तेव्हा आलं नव्हतं, त्यामुळे ते खरंच होतं. आज विचारलं असतं तर काय सांगितलं असतं, देव जाणे.

ताई, मला डॉक्टरची चिठ्ठी लागली. तुला माझा संसार सांभाळायचं निमित्त लागलं. आणि तिला तुझी सोबत. 'मी दमले, मला जरा पडू द्या' एवढंच म्हणून आपल्यातली एकही घराबाहेर पडली नाही. आणि मला वाटत होतं हे फक्त आम्हा नोकरीवाल्यांचं दुखणं आहे, त्याला प्रशिक्षण लागतं.

मी तिला आत घेतलं. ती घोरली. आणि मी झोपले, कशी ते मला विचारू नकोस. सकाळी बीपी मोजलं, बरंच खाली आलंय. तुझ्या कडीचं काय करायचं ते तू ठरव. घर तुझं आहे आणि वर्षंही तुझीच गेलीत. मी काही सांगत नाही.

माधुरी


शहापूर
१४ मे

माधुरी,

तू काही सांगत नाहीस, असं लिहून तू सगळं सांगितलंस. मास्तरणीची खोड.

मला राग आला आहे, तो लिहिते. माझ्या घरात मी जागी आणि ती झोपलेली, अशी चार वर्षं गेली, आणि आता कळतं की तिला माझी कीवही नव्हती. मी तिला रोज सकाळी चहा देत होते, उपकार फेडायचे म्हणून! पहिला घोट तिला, मग मी. आणि आता ती दमलेली आहे म्हणून मी पुन्हा सरकून झोपायचं? माझा वाटा मागायला गेले की दरवेळी माझ्याहून दमलेलं कोणीतरी पुढं येतं. आधी सासू होती, मग हे आजारी पडले, आता ही. मी धर्मशाळा आहे का?

कडी मी परत करणार नाही.

मुख्याध्यापकांचा काल फोन आला होता. आवाज एकदम मऊ. म्हणाले, तुम्ही मॅडमच्या ताई ना, मॅडमना विश्रांती घेऊ द्या, काही काम नाही, सहज केला. मग म्हणाले, मलाही बीपी आहे. मी त्यांना कपाटाचा उपाय सांगितला.

मी १५ ला येते, देवरामच्या गाडीने. तू सकाळी त्याच गाडीने इकडे निघून ये, घर दाखवायला थांबू नकोस. मला माझं घर माहीत आहे.

ताई


जांभूळपाडा
२५ जून

माधुरीस आशीर्वाद.

फोन करणार होते, पण रश्मी म्हणाली, आई आता फोन उचलते आणि "कोण मेलं का?" असं विचारते. म्हणून पत्र. शिवाय फोनवर बोललं की धोंडीबाई ऐकते.

आले त्या दिवशी कडी पदरात बांधून आले होते. ठरवलं होतं, दारातच सांगायचं. दिवेलागणीला ती आली, घोंगडी काखेत. मला बघून उंबऱ्याबाहेरच थांबली. म्हणाली, "आलीस? मंग मी जाऊ?" मी म्हटलं, जा. ती वळली. अंगण ओलांडून चिंचेपर्यंत गेली. मी दार लावलं, आत बसले. शांत होतं घर, जसं मला चार वर्षं हवं होतं तसं. आणि माझ्या डोळ्यांपुढं ते चुलीचं दार येत होतं, आणि तिला लांघून जाणारे पाय. तूच ते लिहिलंस. न लिहितीस तर मी सुखाने झोपले असते.

मी शिव्या दिल्या, तुलाच, आणि तिला हाक मारली.

दुसऱ्या दिवशी मी पडवीतली खोली रिकामी केली. कणगी माजघरात आणली, जुने टोपले देवकीला दिले. देवरामने स्क्रू पिळले. गाव विचारायला आलं, हे काय चाललंय? मी सांगितलं, धोंडीबाईला आता वय झालं, तिला एकटीला निजू देणं बरं नाही, म्हणून यापुढं मीच तिच्या सोबतीला राहणार. सगळ्यांना पटलं. सोनूबाई तर म्हणाली, प्रेमाचं मन मोठं. पुण्याचं काम आता माझ्याकडं आहे.

माजघर माझं एकटीचं झालं. रात्री रडले, कोणी विचारलं नाही. दुसऱ्या रात्री रडू आलं नाही, तेही कोणी विचारलं नाही.

फक्त कडी एकच होती, ती पडवीच्या दाराला गेली. आतल्या बाजूने. तिला आधी लावताच येईना. सत्तर वर्षांची बाई, जन्मात आतून कडी लावली नव्हती. मी दाखवली. तीन दिवस ती नुसती लावायची, काढायची.

आज सकाळी चहा केला, सवयीने दोन कप, आणि पडवीचं दार वाजवलं. म्हटलं, धोंडीबाई, चहा. आतून आवाज आला, "मंगा ये गो. मी आता एकटी हाय."

मी ओट्यावर येऊन बसले. दोन्ही कप मीच प्यायले.

देवरामच्या हाती त्याच दुकानातून अजून एक कडी पाठव. आतून लावायची. घाई नाही, पण विसरू नकोस.

प्रेमाताई